कौतिकनानांच्या भिंतीवरची काच

घर घ्यायचं असेल तर झिपरू मिस्तरीला सोबत नेऊ नका, असं धुळ्यातले निम्मे दलाल सांगतील. खरंच आहे त्यांचं. हा माणूस घरात शिरला की चहाला हो म्हणायच्या आधी मोरीची मागची भिंत चाचपतो. आमच्या गल्लीतला, नात्याचा नाही, पण लहानपणापासून मी त्याला आबा म्हणते. मी दवाखान्यात नर्स. बारा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली, आणि आबाने माझी तीन घरं नापास केली. "खालच्या तीन फुटांनाच नवा रंग? आत ओल आहे, विटांना लोणा लागलाय, पोरी. चल." म्हणाला की निघालाच! असा राग यायचा मला!

चौथं घर कौतिकनानांचं. नाना शहात्तरचे, एकटे. बायको, ताईबाई, गेल्यावर त्यांना शिरपूरला, लेक सारिका राहते त्याच गल्लीत एक खोली घ्यायची होती. जावयाच्या दारात आयतं बसायला ते तयार नव्हते. हे घर विकलं तरच त्यांचं जाणं होणार होतं. दोन खोल्या, पुढे निंबाचं झाड. मी तर मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले.

आबा मात्र उंबऱ्यातच थबकला. घर त्यानेच बांधलेलं, तीस वर्षांपूर्वी.

खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग खाली उतरली होती, नख जाईल एवढी. आबाने तिच्यावर काचेची पट्टी आडवी ठेवली, दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवली आणि ओल्या सिमेंटवर अंगठा दाबला. दगडाखाली सापडून त्याच्या अंगठ्याचं टोक कधीच गेलंय, त्यामुळे ठसाही अर्धाच उमटला.

"काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते," तो म्हणाला. "आखाजीपर्यंत, अक्षय्य तृतीयेपर्यंत, काच शाबूत राहिली तर डोळे मिटून घे. तडकली तर पाया हलतोय."

"राहील रे, तुझाच हात लागलाय," नाना हसून म्हणाले. मी थांबायला कबूल झाले.

पावसाळा गेला, थंडी गेली. मी अधूनमधून जायचे. नाना आधी काच दाखवायचे, मग बसायला सांगायचे. सारिकाला फोनवर रोज तेच, "आखाजी झाली की आलोच."

आखाजीला चार दिवस राहिले तेव्हा आम्ही गेलो. काच शाबूत! मी टाळीच वाजवली. नानांनी भांडी पोत्यांत भरून तोंडं शिवून ठेवली होती. आबाने सिमेंटवरच्या ठशावर आपला अंगठा ठेवून पाहिला. ठसा अख्खा होता.

"नाना, हाई काच मी लायेल नही शे."

नाना एका पोत्याची शिवण चाचपू लागले. "तुझी फाल्गुनातच तडकली. काय करू? जायचं होतं रे मला."

आबा माझ्याकडे वळला. "घर घेऊ नको, पोरी. हे बांधताना मुरमाचा घट्ट थर लागेपर्यंत खोदायला हवं होतं, अजून तीन फूट. पण आखाजी तोंडावर आलेली. सारिका लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी यायची होती, तिला नव्या घरात उतरवायचं म्हणून नाना मागे लागलेले. मी काळ्या मातीतच पाया धरला."

"मुरूम लागला नव्हता, हे तुला ठाऊक होतं?" नानांनी विचारलं.

"हो."

"बठ्ठ्या गावले खरं सांगस तू. मग माले काबरं नही सांगं?"

"कसं सांगणार? तुम्ही लई खुशीत होते, नाना," आबा एवढंच म्हणाला.

मी घर घेतलं नाही. पण खोटं कशाला बोलू, राग आला तो आबाचाच; नानांची नुसती कीव आली, आणि कीव करून काय होतं? त्या दिवसापासून आबा कुणाचंच घर बघायला जात नाही. मी पुन्हा बोलवायला गेले तर म्हणाला, "दुसरा मिस्तरी बघ, माय."

आखाजीला सारिका बापाला न्यायला आली. नानांनी तिला काय सांगितलं कोण जाणे. तिने पोत्यांची शिवण उसवली आणि भांडी परत फळीवर मांडून ठेवली.