मामाची मुलगी, हक्काची

पत्नी गेल्यापासून संध्याकाळी वाचत बसतो. पुस्तक मिटलं की नोकरीतलं एक प्रकरण समोर येतं आणि इतक्या वर्षांनीही चीड येते.

सत्तरच्या दशकात मी शिरूरला फौजदार होतो. एका गावच्या पोलीस पाटलाने खबर दिली: लग्न ठरलेल्या मुलीने विहिरीत उडी घेतली, लोकांनी जिवंत काढली. नवरा मुलगा सख्ख्या आत्याचा.

चौकशीला गेलो. वडील म्हणाले, "पाय घसरला, साहेब. लगीनघर हाय, वाढवू नका."

आईखेरीज सगळ्यांना बाहेर काढलं. मग मुलगी बोलली. आतेभावाने मळ्यात तिच्यावर बळजबरी केली होती. घरात कळलं, तेव्हा मोठ्यांनी त्याच्याशीच लग्न ठरवलं.

"ओरडली का नाहीस?" मी ठरलेला प्रश्न विचारला.

"मळ्यात भ्या वाटलं की मी त्यालाच हाक मारायची, साहेब. त्या दिशी कुणाला हाक मारू?"

फिर्याद घेतली. हवालदार कुरकुरला, "घरातली भानगड, साहेब. चहा पाजा आन् मिटवा."

मुलाला ठाण्यात चौकशीच्या खोलीत आणलं. त्या खोलीत चोर बसले, खुनी बसले. सगळे आधी कानावर हात ठेवायचे. याने काहीच नाकारलं नाही.

"मामाची पोर हाय. हक्काची. आज न्हाई तर उद्या माझीच की."

"ती काय म्हणत होती?"

"न्हाई म्हणत व्हती. रडलीबी. पोरी रडत्यातच."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेलं. बोलण्याची सक्ती नाही, बोललास तर तुझ्यावरच शेकेल, अशी समज त्यांनी दिली. तरी त्याने तेच सांगितलं, न अडखळता. त्यावरच शिक्षा झाली.

निकालानंतर कोर्टाच्या आवारात गावचे एक आप्पा वडिलांना समजावत होते, "सुटून आला की लावून टाकू लगीन. पोरगी मार्गी लागंल." वडील मान डोलावत होते.

मी कपाळाला हात लावला. परक्याने हेच केलं असतं तर ही माणसं कुऱ्हाडी घेऊन निघाली असती. ओळखीच्याला मुलीचा होकार लागत नाही, हे गावाने धरलं होतं, माझ्या ठाण्यानेही. गुन्हा शाबित करणं सोपं, तो गुन्हा आहे हे पटवणं अवघड, एवढं मी तिथे शिकलो.

तेवढ्यात मुलीची आई उठली. इतके महिने ती एक अक्षर बोलली नव्हती. आता नवऱ्याला म्हणाली,

"अहो, एवढा गोड लागतोय तर तुम्हीच करा त्याच्याशी लगीन."

मुलीचा हात धरून ती एसटी स्टँडकडे निघाली आणि माहेरी, दौंडला जाणाऱ्या गाडीत बसली. नवऱ्याने हाका मारल्या. तिने वळून पाहिलं नाही.