रविवारचं तेल

"बस खाली. डोकं दे इकडं."

एवढंच ती म्हणायची. नाव, गाव, वर्ग काही विचारायची नाही. समोर आलेल्या मुलीची वेणी हातात घ्यायची, जरा उचलून बघायची आणि तेलाची बाटली उघडायची.

आमचं विद्यापीठ शहरापासून लांब, माळावर. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला कपाशीची शेतं आणि मध्ये मुलींचं वसतिगृह. मी तिथली रेक्टर. मागच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, ही धनगराची बाई शेळ्या चरायला सोडून बसलेली असे. मुली तिला मावशी म्हणत आणि रविवारी न्हाण्याआधी तिच्याकडून तेल लावून घ्यायला रांग लावत. आईला सोडून आलेल्या, खेड्यापाड्यांतल्या पोरी. तुम्ही म्हणाल, यात जळण्यासारखं काय? मी जळत होते, सरळ सांगते.

कारण त्या रांगेत माझी मुलगीही असायची. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो आणि ती तिथंच शिकत होती. मला ती केसांना हात लावू देत नसे. "आई, ओढतेस तू." तिकडं मात्र मान खाली घालून बसायची आणि बोलत राहायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. बाई मागं बसून बोटं फिरवतेय आणि मधूनच म्हणतेय, "व्हय... व्हय बाई." माझ्याशी ही मुलगी 'भाजी कसली आहे' याच्या पुढं जात नव्हती.

एकदा मीही महागाचं भृंगराज तेल आणलं आणि रविवारी व्हिजिटर रूममध्ये खुर्ची मांडून बसले. दोघीजणी आल्या, त्याही रजेच्या अर्जावर सही हवी होती म्हणून. तेल अजून कपाटात आहे.

मग मुलीला पाचोडकडचं स्थळ आलं. घरची शेती, मुलाला शहरात नोकरी. ती 'नको' म्हणाली. का, ते काही सांगेना. फार खोदून विचारल्यावर म्हणाली, "मावशींना सांगितलंय मी. पुन्हा पुन्हा नाही सांगणार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच फाटकाबाहेर गेले. बाई शेळीच्या पायातला काटा काढत होती. तिच्यापुढं उभी राहून म्हणाले, "माझ्या लेकीच्या मनात काय आहे ते तुम्हाला माहीत, मला नाही. सांगा आता."

ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. नेहमीच तशी बघायची. मला तो आगाऊपणा वाटे.

"मला काय ठावं, म्याडम?"

"तिनं सांगितलंय तुम्हाला!"

"सांगितलं आसंल की. मला ऐकू कुठं येतंय? समोर तोंड दिसलं तर कळतंय. पाठमोऱ्या पोरी काय बोलत्यात, देवाला ठावं. डोकं हाललं की मी आपली व्हय म्हणते." मग तिनं शेजारचा दगड हातानं झाडला. "बसा खाली. डोकं द्या इकडं. लई तापलंय."

मी बसले नाही. हसू येत होतं, पण चरफड त्याहून मोठी होती. जिला काही ऐकूच येत नाही, तिच्यावर मी इतकी वर्षं जळत होते.

घरी येऊन मोठ्या थाटात मुलीला म्हटलं, "तुझ्या मावशींना ऐकू येत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आम्हा सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून तर."

पुढं बाईच्या लेकाला वाळूजला कंपनीत काम लागलं. शेळ्या विकून तो तिला घेऊन गेला. कडुनिंबाखालचा दगड अजून तेलकट आहे, आणि नव्या मुली त्याला टेकवून स्कूटी लावतात. माझी मुलगीही नोकरीला पुण्याला गेली.

यंदा दिवाळीत ती घरी आली. रविवारी सकाळी खोबरेलाची बाटली घेऊन स्वयंपाकघरात आली आणि माझ्याकडं पाठ करून पायांशी बसली. "ओढू नकोस," म्हणाली. मी बोटं फिरवायला लागले. थोड्या वेळानं ती भिंतीकडं तोंड करून हळूच बोलू लागली. ते स्थळ का नको होतं. मी कधी न ऐकलेलं एक नाव. आणि आता तेही कसं संपलं.

मला शब्द न् शब्द ऐकू आला. कोण होता, कधीपासून, मला का नाही सांगितलंस, सगळं ओठांवर आलं. पण बोटं थांबवली नाहीत. तिचं डोकं जरा हाललं. बोलायला शब्दही त्या बाईचाच घ्यावा लागला, याची आजही जळजळ होते.

"व्हय," मी म्हणाले. "व्हय बाई."