हात उचलायचा शब्द

कॅप्टनना सगळे मास्तर म्हणत. एकोणीस वर्षं त्यांनी नव्या वैमानिकांकडून एकच धडा घोकून घेतला होता. जेट धावपट्टीवर ठरल्या वेगाला पोचलं की शेजारचा सहवैमानिक 'व्ही वन' म्हणतो; त्या क्षणी कॅप्टनने इंजिनाच्या दांड्यावरचा हात उचलायचा. मग टायर फुटो नाहीतर आभाळ कोसळो, थांबायचं नाही, उडायचं. "हात तिथं राहिला की त्याला खाज सुटते," असं ते सांगत आणि वर्ग हसे.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! वेळ त्यांच्यावर आली तेव्हा शेजारी सहवैमानिक बाई होत्या, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. बाई 'व्ही वन' म्हणाल्या आणि त्याच क्षणी टायर फुटला. मास्तरांनी हात उचलला नाही. थांबायला दांडा मागे खेचला. फुटक्या चाकावर ब्रेक कसला लागतोय? पट्टी संपली, कुंपण तुटलं, आणि विमान पंपाच्या खोलीवर आदळलं, नेमकं बाईंच्या बाजूने. प्रवासी सगळे वाचले. बाई तेवढ्या गेल्या.

विमानातल्या रेकॉर्डिंगमध्ये बाईंचा शब्द टायरच्या धमाक्यात बुडाला होता. चौकशीच्या दिवशी कंपनीचा वकील मास्तरांना कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "शब्द ऐकूच आला नाही, एवढंच म्हणा. मेलेल्याची नोकरी काही जात नाही." मास्तरांना त्याची किळस आली. आणि खरं सांगायचं तर मोहही झाला.

बाहेर बाकावर बाईंचा नवरा बसला होता. "मास्तर, तिचं चुकलं का हो?" त्याने विचारलं. "मुलगी रोज विचारते. अहो, ती घरात कढईच्या दांड्यावरूनसुद्धा 'व्ही वन' म्हणून हात उचलायची. आम्ही चेष्टा करायचो तिची."

नवराही आत येऊन मागे बसला. चौकशी समितीपुढे मास्तर उभे राहूनच बोलले. "शब्द वेळेवर आला. मला स्वच्छ ऐकू आला. बाईंची काही चूक नाही, चूक माझ्या हाताची."

वकिलाने डोक्याला हात लावला. मास्तरांना वाटलं, नवरा निदान मान तरी हलवेल. तो उठला आणि दाराशी जाऊन थांबला.

"मग उचलला का नाहीत?" त्याने विचारलं.

मास्तरांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.