गुडघा धरला

सुपारी बाबांच्या ओंजळीच्या कडेला लागली, खाली पडली आणि घरंगळत चपलांच्या ढिगात गेली.

मालकांच्या अंगणात गावातली मोठी माणसं सतरंजीवर बसली होती. बाबा सतरंजीच्या बाहेर, गुडघ्यांवर. एकेक चप्पल उचलून बाजूला ठेवत ते सुपारी शोधत होते. मी कुंपणापाशी उभा होतो, शाळेच्या चड्डीत. शोधता शोधता बाबांनी सगळ्यांच्या चपलांच्या जोड्या लावून दिल्या, हे मला अजून दिसतं.

"सापडली का बे, मेंबर?" मालकांनी विचारलं.

लोक हसले. ते हसणं वाईट नव्हतं. घरचं कुत्रं स्वतःच्याच शेपटीमागे फिरलं की माणसं हसतात, तसं. मायेनं.

"सापडली, मालक," बाबा म्हणाले. सुपारी धोतराला पुसली आणि कपाळाला लावली.

अशा रीतीने माझे वडील ग्रामपंचायतीचे सदस्य म्हणून निवडून आले.

आमचं गाव चामोर्शी तालुक्यातलं. एका बाजूला जंगल, एका बाजूला तलाव, मधे धान. तलाव मालगुजारांनी बांधलेला. पुढे कायद्याने मालगुजारी गेली आणि सरकारी कागदावर त्याचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. लोक म्हणतात मामा तलाव. तलाव माजी झाला. मालगुजार, म्हणजे आमचा मालक, झाला नाही. पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी जाईल हे तोच सांगायचा, आणि पंचायतीत कोण बसेल हेही तोच.

आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक कधी होत नसे. गाव अविरोध होतं आणि त्याचा गावाला अभिमान होता. अर्ज भरायची वेळ आली की कोतवाल घरोघर निरोप द्यायचा. मालकांच्या अंगणात बैठक. मालक एकेका वार्डाचं नाव घेत, माणूस पुढे येई, कपाळाला कुंकू, तळहातावर सुपारी. झाला मेंबर. मालकांच्या वार्डाचे मेंबर ते स्वतःच. आमचा वार्ड राखीव, आमचा मोहल्ला आणि गावातली बरीच घरं मिळून. तिथे कुंकू नाही. सुपारी मात्र होती, कारण कायदा होता. ती वरून सोडायची. बाटणार नाही इतक्या उंचीवरून.

बाबांनी छप्पनच्या दीक्षेनंतर घरातले देव तलावात सोडले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. सगळे देव गेले, मालक तेवढा राहिला. त्याला सोडायला तलाव नव्हता. होता तोही त्याचाच.

मेंबर म्हणून बाबांचं काम ठरलेलं. सभा सुरू झाली की उंबरठ्याबाहेर बसायचं. शेळ्या आत आल्या तर हाकलायच्या. शेवटी शिपाई शाईचा डबा पायरीवर ठेवून मागे सरकायचा, बाबा अंगठा उठवायचे. बाबांचा अंगठा मात्र बाटत नव्हता. ठरावाच्या कागदावर तो सगळ्यांच्या सह्यांना खेटून खुशाल बसायचा. पंधरा ऑगस्टला झेंड्याच्या खांबासाठी खड्डा बाबा खणायचे आणि झेंडा चढताना चुन्याच्या रेघेबाहेर उभे राहायचे. कौतुकानं पाहायचे. खड्डा त्यांचा होता ना.

एकदा चंद्रपूरहून मोठे साहेब आले. अविरोध गावाचा सत्कार करायला. मांडव, हार, आम्हा पोरांचं स्वागतगीत. साहेब म्हणाले, "या गावात वैर नाही, विरोध नाही. येथे लोकशाही नांदते आहे." मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. पुढे कॉलेजात असताना तो शब्द आठवला आणि पटला. नांदतेच. सासरी नांदतात तशी. डोक्यावर पदर, तोंडात शब्द नाही.

चंद्रपूरला मी बी.ए. झालो. वसतिगृहात खोलीत ढेकूण होते म्हणून वाचनालयात बसायचो, आणि बसायचो म्हणून वाचायचो. कोणत्या देशात राजाचं डोकं उडवलं, कुठे मतासाठी बायका तुरुंगात गेल्या, सगळं वाचलं. सुट्टीत गावी आलो की तेच डोकं खाली घालून मालकांच्या घरावरून जायचो. पुस्तक वाचून मान ताठ होते हे मी पुस्तकातच वाचलं होतं.

नोकरी लागली नाही. गावी आलो. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फडीवर, पानांचे पुडे मोजून घेतात तिथे, मुंशी म्हणून उभा राहायचो, बाकी वेळ घरच्या धानाच्या तुकड्यात. तोवर चंद्रपूरचा जिल्हा तुटून गडचिरोली वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. सुपारी तीच.

त्या वर्षी पोळा झाल्यावर कोतवाल दारात आला. "मेंबर, मालकानं बलावलं. तुमी आता म्हातारे झाले म्हनते. यंदा पोराले सुपारी."

बाबांचा चेहरा उजळला. माझ्या बी.ए.ने जे कधी झालं नव्हतं ते झालं.

"बाबू, जाजो. घेजो," ते म्हणाले. "सुपारीच तं आहे. खाऊन टाकाची."

"तुम्ही कधी खाल्ली?"

चुलीजवळून माय बोलली, "खातेत कायचे! कनगीत पडून आहेत साऱ्या. उंदीर बी तोंड लावत नाई."

आम्ही दोघं गेलो. तीच सतरंजी. तसाच चपलांचा ढीग, चपला तेवढ्या नव्या. मालक पाटावर, शेजारी त्यांचे दिवाणजी कुंकवाची वाटी धरून. एकेका वार्डाचं नाव झालं, कपाळं रंगली. शेवटी आमचा वार्ड.

"ये, बी.ए.," मालक म्हणाले.

मी पुढे झालो. मी काही ठरवून गेलो नव्हतो. लोक पुढे म्हणायचे, पोरानं शहरात शिकून आधीच बेत केला होता. खोटं. माझी ओंजळ झालीही होती. मालकांचा हात वर गेला आणि मला त्यांच्या हाताखाली, लांब, चपलांचा ढीग दिसला. नीट पाहिलं तर त्या विस्कटलेल्या होत्या. म्हणजे अजून कुणी लावल्या नव्हत्या. आता कुणी लावायच्या होत्या तेही समजलं.

ओंजळ मोडली. एक हात पुढे केला. सरळ, दुकानदारापुढे करतात तसा.

"हातात द्या," मी म्हणालो.

मालक हसले.

"काऊन बे? बी.ए.ची सुपारी येगळी असते का?"

"नाही. हातात द्या."

त्यांनी बोटं उघडली. सुपारी माझ्या हाताच्या बाजूनं पडली. मुद्दाम. घरंगळत गेली आणि नेमकी बाबांच्या पायापाशी थांबली.

आणि बाबा वाकू लागले.

कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं अंगच वाकू लागलं. इतकी वर्षं ते अंग तेच शिकलं होतं. मी जागचा हललो नाही, फक्त म्हणालो, "बाबा, नका."

बाबा अर्ध्यावर थांबले. ना खाली, ना वर. एक हात गुडघ्यावर, एक हात सुपारीकडे. मालक त्यांच्याकडे पाहत होते, सतरंजी पाहत होती. माझ्यासाठी हा अपमानाचा प्रश्न होता. बाबांसाठी तुकड्याच्या पाण्याचा, चुलीचा, येणाऱ्या हिवाळ्याचा. त्यांनी सुपारी उचलली असती तरी मी त्यांना दोष देऊ शकलो नसतो.

मग बाबांनी तो पुढे गेलेला हात मागे घेतला आणि तोही गुडघ्यावर ठेवला.

"मालक," ते अगदी नरम आवाजात म्हणाले, "गुडघा धरला. वाकता येत नाई."

आणि हळूहळू, कण्हत, सरळ उभे राहिले.

सकाळी त्यांनी त्याच गुडघ्यांनी बांधीतला चिखल तुडवला होता. हे मला ठाऊक होतं, मालकांनाही. पण गुडघा धरला म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला काय म्हणणार? मालकांनी पाटावरून आमच्या मोहल्ल्यातल्याच एकाला हाक मारली. बाबांचा चुलतभाऊ, मालकांचा सालगडी. काका आला आणि सुपारी उचलून कपाळाला लावून गेला. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही.

चामोर्शीला जाऊन मी अर्ज भरला. गावात पहिल्यांदा मतपेटी येणार हे ठरलं. चिन्ह मिळालं विमान. आमच्या गावात तेव्हा एस.टी. येत नव्हती.

त्याच आठवड्यात तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, आमच्या बाजूनं बंद झालं. धान गर्भात होता. त्या वेळी पाणी नाही मिळालं तर लोंबी येते, पण दाणा भरत नाही. एकट्या आमच्याच नाही, सगळ्या मोहल्ल्याच्या बांध्या सुकल्या. मालकांना विचारायला गेलेल्यांना दिवाणजींनी सांगितलं, "तुमचं विमान आहे ना? पाऊस पाडा म्हना."

मोहल्ल्यात मला शिव्या पडल्या. समोरच. "तुले हातात पायजे होती सुपारी. आमच्या हातात पळंज आली," एक म्हातारी म्हणाली, आणि पोचट लोंबी माझ्या दारात टाकून गेली. मालकाशी भांडणाऱ्याला निदान भांडायला मालक असतो. तिच्यापाशी भांडायला मीच होतो.

मतदान झालं. मी हरलो. काका मेंबर झाला. इथवर काही नवल नाही.

नवल हे, की आमच्या मोहल्ल्यात होती नव्हती तेवढी सगळी मतं धरली, तरी विमानाला त्याहून जास्त मतं पडली. म्हणजे गावातून कुणीतरी, कुंकू लावलेल्या घरांतून कुणीतरी, कागदाची घडी करून माझ्याकडे टाकली होती. कोण ते मला माहीत नाही. मालकांनाही माहीत नव्हतं. जिंकल्याच्या गुलालात ते उभे होते आणि एकेका तोंडाकडे निरखून पाहत होते. तू? का तू? मी तो चेहरा पाहिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाला गावाची भीती वाटलेली पाहिली.

दिवाळीनंतर धानाची कापणी आली. मालकांचं शेत पिकून पिवळं झालं होतं, पाणी होतं ना. दिवाणजी माणसं सांगायला मोहल्ल्यात आले. पहिलं घर आमचं. माय दारात सूप घेऊन बसली होती. सुपात पाखडायला काही नव्हतं, पण ती पाखडत होती.

"काकू, उद्यापासून कापनीले चला."

"दिवानजी, गुडघा धरला," माय म्हणाली.

ते पुढच्या दारी गेले. तिथली तरुण सून, पहिलं बाळ कडेवर. ती डोईवर घागर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माहा बी धरला, भाऊ."

तिसऱ्या दारी एक पोरगी हसू दाबून आत पळाली. चौथ्या दारी तीच म्हातारी, जिनं माझ्या दारात पळंज टाकली होती. मी पाहत होतो. ती काठी टेकत बाहेर आली.

"माहा तं खराच धरला आहे," ती म्हणाली. "पन तुमाले सांगाले मजा येऊन राह्यली."

सगळा मोहल्ला हसला. मोठ्यानं. ते हसणं मायेचं नव्हतं.

मालकांनी नदीपलीकडून माणसं आणली. त्यांचं पीक घरात गेलं, आमची चूल थंडावली. आम्ही जंगलात बांबू तोडायला गेलो, बायका-पोरांसकट. तिथे त्या सुनेचं बाळ तापात गेलं. दवाखाना लांब होता. ही गोष्ट सांगितल्याशिवाय ती हसण्याची गोष्ट सांगायचा मला अधिकार नाही. तिनं मला कधी बोल लावला नाही. पण ती समोरून आली की मी वाट सोडतो.

आता पुन्हा पंचायतीची निवडणूक लागली आहे. वार्ड नव्यानं पडलेत; आमच्याकडची ती गावातली घरं मालकांच्या वार्डात गेली आहेत. परवा दिवाणजी स्वतः घरी आले. आमच्या खाटेवर बसले, पाणीही प्यायले. म्हणाले, "मालक म्हनते, झालं गेलं सोडा. यंदा हातात देऊ. कुंकू बी लावू."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. बांबूच्या कामात त्यांचा गुडघा खरोखरच धरला आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हेच तर मी मागितलं होतं. हातात द्या. मिळत होतं. आणि मला कळलं की तेव्हा मी फार थोडं मागितलं. उंची दीड हात असो की शून्य, देणारा तोच, सुपारी त्याच्याच खिशातली.

"दिवाणजी," मी म्हणालो, "सुपारी मालकांनाच ठेवायला सांगा. मी अर्ज भरतो आहे. पण राखीव वार्डातून नाही. मालकांच्या वार्डातून."

दिवाणजींनी पेला खाली ठेवला. "तो वार्ड तुमचा नाई."

"राखीव नाही. मनाई पण नाही."

मी बहुतेक हरेन. पाणी पुन्हा तुटेल. मोहल्ल्यात बैठक झाली तेव्हा मी हे सगळं आधी सांगितलं, आणि त्या सुनेकडे पाहून सांगितलं. तिनंच पहिल्यांदा हात वर केला.

कारण या वेळी मालकांचं अंगणात बसून भागणार नाही. पाटावरून उठून मत मागायला निघावं लागेल. घरोघर. त्या नेमक्या कोणत्या घरानं मागच्या वेळी विमानावर शिक्का मारला, हे न कळता. आमच्या गावातली घरं मातीची, दारं बुटकी. आत शिरायचं तर वाकावं लागतं.

मालकांचा गुडघा कसा आहे, ते गाव पाहणार आहे. अर्ज मी उद्या भरतो.