आरतीच्या पाळीचे ॲप

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीचे दहा दिवस संध्याकाळची आरती रोज एका कुटुंबाकडे असते. कुटुंबे साठ, आरत्या दहा. पाळी सहा वर्षांनी येते आणि बदली बहुतेकांची तीन वर्षांतच होते.

निवृत्त बँक अधिकारी असलेल्या माझ्या यजमानांनी यावर ॲप काढले. प्रोग्रामिंगचा अनुभव शून्य. एआयला मराठीत सांगितले की ते कोड लिहिते, एवढे ज्ञान त्यांना पुरले. दोन रविवारांत ॲप तयार झाले. तिसऱ्या रविवारी ते ‘आम्ही डेव्हलपर लोक’ असे बोलू लागले.

त्यांनी नियम घातला : बदली झालेल्यांची नावे काढ. आपल्याकडे ‘बदली झाली’ म्हणजे फक्त आदेश आलेला असतो आणि माणूस काही महिन्यांनी हलतो, हे नोकरीभर बदल्या भोगलेल्या अधिकाऱ्याच्या लक्षात आले नाही.

पाचव्या दिवसाची पाळी फोर्ट विल्यममधल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीची होती. तिचा इथला शेवटचा गणपती. आरतीसाठी तिने आईला नागपूरहून बोलावले होते. ॲपमधल्या ‘बदली झाली का?’ या प्रश्नाला तिने प्रामाणिकपणे ‘हो’ म्हटले. नाव गेले. पाचव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

“काका, मी अजून इथंच आहे. एक खोकंसुद्धा बांधलेलं नाही.”

“थांब गं, पाच मिनिटांत करतो.”

‘बदली झाली तरी माणूस इथेच असतो,’ असे यजमानांनी एआयला सांगितले. एआयने आधी त्यांच्या निरीक्षणाचे कौतुक केले, मग दुरुस्ती केली. आजवर बदलून गेलेली सगळी कुटुंबे यादीत परतली. पाळी न मिळताच गेलेल्यांचा क्रम पहिला लागला आणि त्या दिवसाची आरती विशाखापट्टणमला गेली. तिकडून निरोप आला : ‘ताट तयार ठेवा, निघालोच!’

“अहो, हातानं बदला ना ते,” मी म्हटले.

“तशी सोयच ठेवली नाही. वशिला चालायला नको.”

सात वाजले. सगळे मूर्तीसमोर उभे. यजमान कोपऱ्यात मोबाइलवर एआयला चौथ्यांदा समजावत होते.

“काका, तुमचं चालू द्या,” असे म्हणून तिने ताट उचलले, निरांजन लावले आणि ताट आईच्या हातात दिले. कोणीही हरकत घेतली नाही.

आरतीनंतर ती यजमानांच्या पाया पडली. त्यांनी उजव्या हाताने आशीर्वाद दिला. डाव्या हातात दुरुस्ती चालूच होती.