मेलेल्या कागदाचा कोपरा

११ फेब्रुवारी, बुधवार. काम एवढंच होतं, की आठवड्यापूर्वी आलेलं नवीन परिपत्रक अकरा फायलींना लावायचं आणि त्याने जे जुनं रद्द झालं, त्याचा वरचा उजवा कोपरा कापायचा. दहा मिनिटांचं काम. पण कोपरे कापायची कात्री मी सोळा वर्षांत कधी हातात घेतली नव्हती, कारण ती विमलाक्काची होती आणि विमलाक्का जाऊन तीन आठवडे झाले होते.

आमचा धंदा लोकांना समजावून सांगताना नेहमी पंचाईत होते. घरकर्ज देणाऱ्या छोट्या बँका आणि संस्था असतात ना, त्यांना कर्ज कसं द्यायचं, कर्जदाराला काय सांगायचं, घराचे कागद कसे ठेवायचे आणि कधी परत करायचे याचे नियम वरून येतात. ते सारखे बदलतात. येतात इंग्रजीत, दहा-दहा पानांचे. मोठ्या बँकांकडे त्यासाठी वेगळा विभाग असतो. वैरागच्या किंवा नातेपुत्याच्या संस्थेत मॅनेजर, दोन क्लार्क आणि एक शिपाई. ते कर्ज देतील की परिपत्रकं वाचत बसतील? म्हणून आम्ही वाचायचो. अक्का आणि मी. सोलापुरात कन्ना चौकात टॉवेलच्या दुकानावर एक खोली, अकरा संस्था, आणि दर गुरुवारी दोन ठिकाणी एसटीने फेरी. प्रत्येक संस्थेची नियमांची एक फाइल, नवीन काही आलं की ती आमच्या खोलीवर यायची आणि काम झालं की परत त्यांच्या कपाटात जायची.

अक्का गेल्यावर महिनाअखेर खोली सोडते, असं मी घरमालकाला सांगून टाकलं होतं. पुण्याच्या एका कंपनीचं हेच नियम सांगणारं ॲप आलंय, तीन संस्था तिकडे जायच्या बेतात होत्या. बाकीच्या आठांनी मला एकदाच विचारलं होतं, "गुरुवारी येताय न्हवं?" मी म्हटलं होतं, ही एक फेरी करते, मग बघू. टाइप करणं, भाषांतर, तिकिटं, बिलं हे सगळं मी करायचे. पण कुठला नियम मेला आणि कुठला जिवंत आहे, हे ठरवायची ती. त्याची जबाबदारी आपल्याला झेपेल का, हा प्रश्न होता. आणि झेपत नसेल तर खोली सोडलेली बरी, असं माझं साधं गणित होतं.

आमची शेवटची भेट गड्ड्याच्या जत्रेत झाली. जत्रा उतरणीला लागली होती. सहासष्ट वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, आणि आकाशपाळण्यात बसायचा हट्ट. मी खाली पर्सा सांभाळत उभी. पाळणा वर गेला की ती तेलुगूत काहीतरी ओरडायची आणि खाली आला की मला मराठीत, "सुजाता, वरून सगळं सोलापूर दिसतंय गं! आपली खोली दिसतेय! लाइट चालू ठेवून आलीस बघ!" लाइट खरंच चालू राहिला होता. तिला वरून दिसला असेल असं नाही, पण मला ओळखत होती ती. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मी तिला फोन केला, तर तिच्या भावाने उचलला. म्हणाला, "अक्का झोपेतच गेली, ताई." मी विचारलं, कधी? तो म्हणाला, चहा द्यायला गेलो तर... मी त्या दिवशीच्या दोन्ही संस्थांना फोन करून येत नाही असं कळवलं, आणि मग रिक्षा केली. आधी फोन, मग रिक्षा. तिलाही हाच क्रम आवडला असता.

ती सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या घरातली. वडील मागावर, आई घरी बिड्या वळायची. बिडीचं पान पत्र्याच्या मापाला लावून कात्रीने कापायचं, हे काम अक्काने शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर केलेलं. ती म्हणायची, पान बघावं लागत नाही, बोटालाच कळतं कुठलं चांगलं आणि कुठलं छाटीत जाणार. पुढे ती एका लहान सहकारी बँकेत कर्ज विभागात लागली. तिथे एकदा तपासणी आली. साहेबाने विचारलं, अमुक बाबतीतला नियम दाखवा. पाच जणांनी पाच कागद काढून दिले, आणि पाचही रद्द झालेले! "एकबी जिवंत नव्हता बघ," हे सांगताना अक्का टेबलावर हात आपटून हसायची. त्या रविवारी तिने आईची बिडीची कात्री नेली आणि बँकेची सगळी फाइल घेऊन बसली. जो नियम रद्द झालाय, त्याचा कोपरा तिरका कापला. मग फाइल मिटून वरच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, तर कापलेल्या जागी अंगठा खाली जातो आणि जिवंत कागदाला अडतो. शोधायला चष्मा लागत नाही. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नाही. ती फक्त बिडीवालीच्या मुलीलाच सुचू शकते.

बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली तेव्हा तिने नोकरी सोडून ही खोली घेतली. माझी मुलाखत अशी झाली. मी तेव्हा एका सीएच्या ऑफिसात कंटाळले होते. तिने चार पानांचं इंग्रजी परिपत्रक पुढे टाकलं आणि म्हणाली, "वाच आणि सांग, यात काम किती आहे?" मी वाचलं. म्हटलं, दोन ओळींचं. ती म्हणाली, "उद्यापासून ये. डबा आण, इथलं हॉटेल चांगलं नाही."

तिचा नियम, एका परिपत्रकाचं एकच पान. त्यावर तीन गोष्टी, कालपर्यंत काय होतं, उद्यापासून काय, आणि कुणी करायचं. तिसरीवर ती अडून बसायची. "सगळ्यांनी करायचं म्हणजे कुणीच करायचं नाही. नाव लिही अम्मा, नाव!" ती सगळ्या बायकांना अम्मा म्हणायची आणि चौथ्या भेटीनंतर सगळ्या मॅनेजरांना "काय बे". ज्याला अजून म्हणत नव्हती, तो बिचारा बेचैन व्हायचा. पान तयार झालं की खालच्या सिद्रामला वर बोलवायचं. सिद्रामची चहाची गाडी दुकानासमोर, गाव अक्कलकोटकडचं, घरात कानडी. त्याला पान वाचून दाखवायचं आणि तो काय विचारतो ते बघायचं. त्याला कळलं तर क्लार्कला कळेल. त्याने प्रश्न विचारला, तर आमचं पान कच्चं आहे. आधी सिद्राम, मग कात्री. हा क्रम तिने एकदाच मोडला होता, आणि ती गोष्ट आमच्या अकरा संस्थांत सगळ्यांना पाठ आहे.

कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद किती दिवसांत परत द्यायचे, आणि कर्जदार वारला असेल तर ते वारसांना कसे द्यायचे, असं एक परिपत्रक होतं. नवीन आलं, त्यात फक्त दिवस बदलले होते. वारसांचा भाग तसाच जिवंत होता. अक्का त्या दिवशी घाईत होती, भावाच्या मुलीचं लग्न होतं. तिने अकराही फायलींत जुन्या कागदाचा कोपरा उडवला आणि लग्नाला गेली. महिन्याने आम्ही वैरागला गेलो. तिथला शिपाई भगवान पाणी ठेवता ठेवता म्हणाला, "अक्का, त्या मास्तरीनबाईला अजून किती हेलपाटं घालाय लावनार? मास्तर गेलं, कर्ज कवाच फिटलंय, कागद तर हितंच कपाटात हायती." मॅनेजर म्हणाले, वारसांचा नियम रद्द झालाय ना, वरून नवीन येईपर्यंत कसं देणार? अक्काने फाइल घेतली, अंगठा फिरवला. तो खाली गेला. ती खुर्चीत बसली आणि तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला.

मग उठली, म्हणाली, "चला बे, कागद घ्या." मॅनेजर, अक्का, मी आणि वाट दाखवायला भगवान, अशी वरात त्या बाईंच्या दारात. अक्का उंबऱ्यातच म्हणाली, "अम्मा, चूक यांची नाही, माझी आहे. मी कोपरा कापला." बाई म्हणाल्या, "कसला कोपरा?" मग अक्काने पिशवीतून फाइल काढली, कात्री काढली आणि सगळं पहिल्यापासून समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. आपले कागद एकेक तपासून घेतले. मग कात्री हातात घेऊन एकदा उघडझाप केली आणि म्हणाल्या, "हिची धारच गेलीया की. म्हून वाकडं कापलं जातंय तुमचं." आणि आत जाऊन शेंगापोळ्या आणल्या. अक्का एसटीत सोलापूर येईपर्यंत हसत होती. दुसऱ्या दिवशी आधी धार लावून आणली.

पण खरी गंमत पुढे आहे. कापलेले सगळे कोपरे तिने ठेवलेले असायचे, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, प्रत्येकावर पेन्सिलने नंबर. मी कितीदा म्हटलं होतं, कचरा आहे, टाकू. ती म्हणायची, "पानाचा चुरासुद्धा कारखान्यात दाखवावा लागायचा आईला." त्या आठवड्यात आम्ही अकराही गावं पालथी घातली आणि तो एकेक कोपरा डब्यातून शोधून पिवळ्या पट्टीने परत चिकटवला. तेव्हापासून फायलींत तिसरी जात आली, अर्धा मेलेला कागद. आणि तेव्हापासूनच प्रत्येक भेटीची सुरुवात एकाच वाक्याने व्हायची, "आधी माझं चुकलेलं ऐका." मग ती ही गोष्ट सांगायची. दर वेळी. नवीन क्लार्क आला की जुने त्याला कोपराने ढोसायचे, ऐक ऐक. एवढं हसून झालं, की माणसं आपापल्या चुका आपणहून बाहेर काढायची. तपासणीच्या साहेबाला जे दाखवलं नसतं, ते अक्काला दाखवायची. आमचं अर्धं काम त्या गोष्टीनेच होत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

ॲपवर तिचा राग नव्हता. तिच्या स्वतःच्या मोबाइलवर दोन होती. "नवीन काय आलं ते मोबाइल सांगतो," ती म्हणायची. "जुन्याचं किती मेलं, ते वैरागच्या कपाटात जाऊनच बघावं लागतं."

तर त्या बुधवारी. परिपत्रक मी तीनदा वाचलं. घरकर्जाचं व्याज बदललं की कर्जदाराला काय काय, कसं आणि कधी कळवायचं, असा विषय. पान टाइप केलं. आणि मग मला वाटलं, कात्रीची भीती आहे ना, तर आधी तेच उरकावं. दुखरा दात आधी काढावा तसं. अकरा फायली ओळीने लावल्या, जुनं परिपत्रक शोधलं आणि पहिल्या फायलीतला कोपरा कापला. सरळ, सुबक. म्हटलं, एवढंच तर होतं. चार फायली झाल्या तेवढ्यात सिद्राम चहा घेऊन वर आला. मी त्याला पान वाचून दाखवलं, म्हणजे आपलं रीत म्हणून. त्याने कपबशी ठेवली आणि म्हणाला, "मग आधीच्या लोकांचं काय म्याडम? मी घर घेतलोय की पैलंच. मला कोण सांगणार?"

मी म्हटलं, तुलाही हेच लागू. तो म्हणाला, "तसं लिवलंय का?"

मी परिपत्रक पुन्हा उघडलं. तिसऱ्या पानावर, तळाला, एका लांबलचक वाक्याच्या शेपटीत होतं. आधीच्या कर्जांना ठरलेल्या मुदतीपर्यंत जुनाच नियम लागू राहील. तीनदा वाचलेलं, तीनदा डोळ्यांखालून गेलेलं. कात्री टेबलावर होती. कापलेले चार कोपरे... तीन टेबलावर होते, चौथा सापडेना. सिद्राम आणि मी दोघं फरशीवर बसून शोधत होतो. तो टेबलाच्या पायाखाली सापडला, तेव्हा सिद्राम म्हणाला, "अक्का असती तर लई शिव्या दिली असती." मी म्हटलं, नसत्या दिल्या, हसली असती. तो म्हणाला, "व्हय. आणि मग शिव्या." आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मी खळखळून हसले, फरशीवर बसून, हातात कागदाचा तो तिकोनी तुकडा धरून.

चारही कोपरे पिवळ्या पट्टीने चिकटवले. पान पुन्हा लिहिलं, एक ओळ वाढली. सिद्रामला पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी त्याने कप उचलले आणि काही न विचारता खाली गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या एसटीने वैरागला गेले. भगवानने पाणी ठेवलं, अक्काच्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि ती मला ओढून दिली. मॅनेजर आणि दोघं क्लार्क समोर येऊन बसले. मी फाइल उघडली. मास्तरीनबाईंची गोष्ट सगळ्यांना पाठ होती, आणि ती माझी नव्हतीही. म्हटलं, "आधी माझं चुकलेलं ऐका," आणि सिद्रामची गोष्ट सांगितली, फरशीवरच्या शोधासकट. भगवान म्हणाला, "म्हंजी अक्कागतच की वो तुमी बी!" मग दाराशी उभं राहून तो म्हणाला, त्यांच्याकडेही एक गोष्ट झालीय, सांगू का?

ती ऐकून, नोंदवून, दुरुस्त करून निघायला अकरा वाजले. वैरागच्या स्टँडवर घरमालकाला फोन लावला आणि खोली सोडत नाही म्हणून सांगितलं. तो भाडं वाढवायचं बोलायला लागला, तेवढ्यात त्या दिवशीच्या दुसऱ्या संस्थेकडे जाणारी बार्शीची गाडी लागली. मी पिशवीतून वर आलेलं कात्रीचं टोक खाली दाबलं आणि आत चढले.