शिकवलेलं हसू

कळंबच्या बाजारातल्या कापड दुकानातला तो नोकर कैक वर्षं कापड मोजतोय. बोलणं तुसडं. "घ्यायचं तर घ्या, न्हाय तर पुढं बगा." पण कफनाला आलेला माणूस तो चेहऱ्यावरनंच ओळखायचा. काही न विचारता पांढरं कापड काढायचा, घडी घालून मुकाट हातात द्यायचा.

मध्यंतरी मालकानं त्याला गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं शिकायला लातूरला पाठवलं. परवा काका वारले म्हणून मी दुकानात गेलो. कफन पाहिजे, हे मला तोंडानं सांगावं लागलं. त्यानं हसत कापड रंगीत पिशवीत घातलं आणि हात जोडले.

"धन्यवाद साहेब. पुन्हा या."

मी पिशवी उचलली. तो मात्र गल्ल्यावरच्या मालकाकडं बघत होता, नीट म्हणालो ना, अशा नजरेनं.